झाडामागे पाच रुपये

शेंदूरजनाघाटच्या संत्रा मंडीत शकुन बेलसरे चोवीस वर्षे फळे निवडत होती. मोठे फळ एका ढिगात, मध्यम दुसऱ्यात, डागी तिसऱ्यात. या कामाला बोटे लागतात, डोके लागत नाही, असा व्यापाऱ्यांचा समज होता आणि मजुरीही त्या समजाला धरूनच मिळत होती. पण शकुनचे डोके स्वस्थ बसणारे नव्हते. मालाची गाडी फाटकातून वळून उभी राहायच्या आत ती म्हणायची, "एकशे बारा क्रेट भरतीन."

"एकशे वीस," शेजारी बसलेली गंगूबाई म्हणायची.

पैज एका चहाची असे. क्रेट भरून झाले की गंगूबाई कनवटीची दहाची नोट काढून द्यायची आणि म्हणायची, "तुह्या डोयात देवानं काय बसवलं हाय वं माय?"

देवाने नव्हे, बापाने बसवले होते. शकुनचा बाप दुसऱ्यांच्या बगीच्यांची रखवाली करायचा. पोपट हाकलायला म्हणून लहानगी शकुन दिवसभर झाडांखाली असे. तिथे करमणूक एकच. झाडावर किती फळे असतील ते मनात धरायचे आणि मग फांदी-फांदी मोजून पडताळा घ्यायचा. दहा वर्षांची होईतो तिचा अंदाज शंभराला दोन-तीन फळांपलीकडे चुकेनासा झाला. पुढे लग्न झाले, मंडीत काम लागले आणि ही विद्या चहाच्या पैजेपुरती उरली.

यंदा सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिच्या मुलीचे, रागिणीचे, नाव अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या यादीत लागले. बी.एस्सी. ॲग्री, चार वर्षांचा अभ्यास. बातमी गल्लीभर व्हायला दहा मिनिटे लागली आणि अकराव्या मिनिटाला सल्ले सुरू झाले.

"आता तुले कायची फिकीर? पोरीयचं शिक्षन सरकारनं फुकट केलं," गंगूबाई म्हणाली.

शकुनचाही तोच समज होता. सोमवारी सकाळी रागिणीने इंटरनेटच्या दुकानातून कागद काढून आणला, तेव्हा तो अर्धाच खरा निघाला. शिक्षण शुल्क माफ होते. पण वसतिगृहाचे भाडे, मेसचे आगाऊ पैसे, अनामत आणि अशीच लहानसहान खाती मिळून छत्तीस हजार पाचशे रुपये भरायचे होते. मुदत आठ दिवसांची, पुढच्या मंगळवारी सायंकाळी पाचपर्यंत. तोवर पैसे भरून हजर न झाल्यास वसतिगृहातली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

शकुनचा नवरा सहदेव मालवाहू ऑटो चालवतो. हंगाम नसला की ऑटो आणि तो दोघेही लिंबाच्या सावलीत असतात. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

"वसतिगृहाचा भत्ता भेटते म्हने ना?"

"भेटते बाबा. पन आधी आपून भरा लागते, मंग थो येते," रागिणी म्हणाली.

"कवा येते?"

"मांगच्या साली एका पोरीले होळीले आला."

"म्हंजे दिवाळीचं जेवन होळीले," सहदेव म्हणाला. मग थोडे थांबून, "नाईच जमलं तर वरुडले बी.ए. हाय. घरून डबा नेशीन."

रागिणी उठली. ती विळी घेऊन बसली आणि तिने वांगी चिरली. इतकी बारीक चिरली की त्या दिवशी भाजीत वांगे कुठे आहे ते शोधावे लागले. शकुनने ते पाहिले आणि जेवण आटोपताच पायात चपला घातल्या.

घरात छपराच्या नव्या टिनांसाठी साठवलेले अकरा हजार होते. टिने एक पावसाळा थांबू शकत होती. बँकेतल्या साहेबांनी नीट बसवून घेतले, पाणी दिले आणि कर्ज मिळेल असेही सांगितले. पण कागदपत्रे, मंजुरी मिळून तीन आठवडे लागणार होते. बचत गटात पैसे उचलायची पाळी गंगूबाईची होती. तिला शिलाई मशीन घ्यायचे होते.

"मशीन काय, दिवाळीनंतरही कपडे फाटतीनच," ती म्हणाली आणि आपले दहा हजार तिने शकुनच्या नावावर लिहायला लावले. सही करताना टोला हाणायला मात्र चुकली नाही. "पोट्टी साहेबीन झाली का मले गंगूबाई नाई, गंगूमावशी म्हनाव."

एकवीस हजार झाले. साडेपंधरा हजार उरले. दुपारी शकुन मंडीचे व्यापारी योगेशशेठ यांच्याकडे गेली. सोबतीला गंगूबाई होतीच.

"शेठ, साडेपंधरा हजाराची उचल पायजे. हंगामात कापून घ्या."

"शकुनबाई, हंगाम दीड महिना पुढं हाय. तुमाले देली तर उद्या सत्तावीस बाया रांगेत उभ्या राह्यतीन. अन पयली ह्या गंगूबाई."

"राह्यनच ना," गंगूबाई म्हणाली. "म्या काय पाप केलं?"

कोपऱ्यात काळा चष्मा लावून नत्थुजी बसले होते. नत्थुजी म्हणजे योगेशशेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचे पारखी. फळ हिरवे असतानाच उभा बगीचा विकण्याची या भागात रीत आहे. पारखी बगीच्यात फिरतो, झाडांवर माल किती ते सांगतो, हजार फळांमागे हजारी भाव ठरतो आणि आगाऊ रकमेचा इसार हातात पडला की सौदा पक्का. सगळी मदार पारख्याच्या आकड्यावर. आणि ऐन आंबिया बहराच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणाऱ्या फळांच्या, सौद्यांत नत्थुजींच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते.

"शेठ," नत्थुजी म्हणाले, "तुमाले पारखी पायजे अन हिले पैसे. दोघंजन माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले?"

"बाईमानूस पारखी?"

"झाडाची हरकत हाय का ते इचारून या."

योगेशशेठ हसला. तो जेमतेम पस्तिशीचा. या दोघांनी त्याला शाळेच्या चड्डीत पाहिलेले. "बरं. नत्थुजीले झाडामागं पाच रुपये देतो. तुमाले तीन देईन."

"फयं तेवढीच राह्यतीन ना झाडाले?" शकुनने विचारले.

"हाव."

"मंग पाचच."

त्या आठवड्यात शेठच्या हाती पाच बगीचे होते, मिळून तीन हजार एकशे चाळीस झाडे. शकुनला लागत होती तीन हजार शंभर. तिने हा हिशोब मंडीच्या पायऱ्या उतरता उतरता केला.

निघताना नत्थुजींनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. "झाड चहू बाजूनं पाहाचं अन एकदा बुडाशी बसून वर पाहाचं. पानाच्या आतलं फय उभ्या मानसाले दिसत नाई. अन दुसरं, मजुरी शेठची खायाची, पन आकडा झाडाचा सांगाचा. मालकाचा चहा घ्याचा, पैसा नाई. पारखी एकडाव वाकला का मंग त्याले कोनी बगीच्यात घेत नाई."

मंगळवारी जरूडचा बगीचा, पाचशे झाडे. शकुन पुढे आणि वही घेऊन रागिणी मागे. प्रत्येक झाड मोजायचे नसते. भरलेले, मध्यम आणि रिते अशी झाडांची तीन पोटे, म्हणजे गट, पाडायची, प्रत्येक पोटातली वीस-पंचवीस झाडे बारकाईने मोजायची आणि बाकीच्या झाडांपुढून जाताना नुसते सांगत जायचे. शकुन म्हणे, "भरलं. भरलं. मध्यम. रितं. भरलं," आणि रागिणी वहीत रेघा ओढी. दर दहा-बारा झाडांनी शकुन चिखलात उकिडवी बसून, मान वर करून पानांच्या आत पाही.

"आई, तू हे कवा शिकली?"

"तू गणिताले किती मार्क घेतले?"

"ब्याण्णव."

"मंग ते कोनाकडून आले वाटते तुले? तुह्या बापाकडून?"

मंगळवारच्या आकड्यावर मालक आणि शेठ तासाभरात एकमत झाले. बुधवारी साडेचारशे झाडांचा बगीचाही बिनबोभाट पार पडला. संध्याकाळी सहदेव ऑटो घेऊन आणायला यायचा, तेव्हा शकुनचे लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले असायचे. "वही पोरीनं धरली, चिखल मायनं," असे म्हणून तो तिला मागे क्रेटच्या जागी बसवायचा.

गुरुवारचा बगीचा पुसला गावात, नऊशे झाडांचा. पाचांतला सर्वांत मोठा. मालक महादेवराव बेलसरे, म्हणजे सहदेवचे थोरले चुलतभाऊ. शकुनचे भासरे.

भासरा आणि भावजय यांच्यात आमच्याकडे एक न लिहिलेला कायदा असतो. पदर डोक्यावर हवा. नाव घ्यायचे नाही, समोरासमोर बोलायचे नाही, त्यांच्यापुढे बसायचे नाही. सांगायचेच असले तर तिसऱ्याच्या तोंडून. चोवीस वर्षांत महादेवराव आणि शकुन यांचे एकमेकांशी एक वाक्य झाले नव्हते. योगेशशेठने आधीच विचारले होते, "नात्यातले हायेत. जमन?" शकुनने विचार न करता हो म्हटले होते. नऊशे झाडांचे साडेचार हजार होत होते.

महादेवराव पांढरे धोतर आणि हातात काठी अशा थाटात पहिल्या झाडापाशी हजर होते. माणूस दिलदार, पण आवाज असा की शेजारच्या शिवारातले बैल थांबावेत.

"रागिनी, तुह्या मायले सांग, झाडं निवांत पाहा म्हनाव. आपल्या घरचाच बगीचा हाय."

"आई, मोठेबाबा म्हनतात निवांत पाहा."

"आइकलं," शकुन पदरातून म्हणाली.

महादेवराव बरोबर निघाले ते शेवटच्या ओळीपर्यंत बरोबरच राहिले. दोन हात अंतर ठेवून, पण पाठ सोडली नाही. दुपारी त्यांच्या घरून पिठलं-भाकर आली. चारच्या सुमारास मोजणी संपली. रागिणीने वहीतल्या रेघांची बेरीज केली. झाडामागे सरासरी तीनशे, एकूण दोन लाख सत्तर हजार फळे.

महादेवरावांची भुवई वर गेली. "मले वाटलं होतं जास्त असतीन. पन घरच्या मानसानं सांगतलं, मंग झालं. उद्या शेठले इसार घेऊन या म्हनाव."

शकुन हलक्या पावलांनी ऑटोपाशी आली. आतापर्यंत नऊ हजार अडीचशे झाले होते. आणखी दोन बगीचे झाले की पैसे पुरे. सहदेवने तिच्याकडे पाहिले आणि ऑटो सुरू करता करता थांबला.

"आज लुगडं कोरं कसं?"

शकुनने खाली पाहिले. लुगड्याचा काठ स्वच्छ होता. गुडघ्यावर एक थेंब नव्हता. ती मागे क्रेटच्या जागी बसली.

"काय झालं वं?"

"मी बसलीच नाई," ती म्हणाली.

"आता बसली ना."

"झाडाखाली बसली नाई. दिवसभर भासरे संगं होते. त्यायच्यासमोर उकिडवी कशी बसू? उभ्यानंच मोजलं सारं. डोक्यावरचा पदरही डोयावर येत होता." तिने रागिणीच्या हातातली वही घेतली आणि पुन्हा परत दिली; रेघांना काय विचारणार? "आतलं फय राह्यलं. झाडामागं तीस-चाळीस तरी राह्यलं."

रागिणीने ओठांतल्या ओठांत गुणाकार केला. "चाळीस धरले तर छत्तीस हजार फयं. दोन हजारानं हजारी भाव हाय. म्हंजे बहात्तर हजार रुपये."

"कोनाचे गेले?" सहदेवने विचारले.

"मोठेबाबाचे."

"अन कोनाचे वाचले?"

"शेठचे."

सहदेवने ऑटो सुरू केला. ज्याच्याकडून मजुरी घ्यायची त्याच्याच फायद्याची चूक, आणि दुरुस्त करावी तर लोक म्हणणार, भासऱ्यासाठी आकडा फुगवला. गप्प बसावे तर काय होईल? दिवाळीनंतर तोडणीच्या वेळी क्रेट जास्त भरतील, महादेवराव म्हणतील मोसम चांगला गेला. कुणाला कळणारही नाही. तोवर रागिणी अकोल्यात असेल.

"बाबा, ऑटो बाजूले घ्या," रागिणी म्हणाली. तिने आपला मोबाइल काढून आईपुढे धरला. "इसार उद्या सकाळी हाय. आजच सांग."

योगेशशेठने सगळे ऐकून घेतले.

"शकुनबाई, एक सांगा. तुमी माह्याकडं कामाले हाय का भासऱ्याकडं?"

"तुमच्याकडं."

"मंग बहात्तर हजाराची बातमी तुमी कोनाले देऊन राह्यल्या?"

"तुमालेच, शेठ. आधी तुमाले सांगतलं. त्यायले अजून माईत नाई."

"अन उद्या आकडा वाढून आला, तर तो नात्याचा हाय का झाडाचा, हे मी कसं ओयखाचं?"

"तुमी सोताच या. झाड तुमी निवडा. एकएका फयाले चुना लावून मोजून घ्या."

शेठने सुस्कारा सोडला. "येतो. पन उद्याच्या मोजनीचे पैसे नाई भेटनार. अन बाकीच्या दोन बगीच्यायचं मंग पाहू. ते मालक तसेही आकडा मानाले तयार नाईत."

शकुनने मोबाइल परत दिला. सहा हजार अडीचशे कमी होते आणि हातचे दोन्ही बगीचे गेल्यात जमा होते. सहदेव समोर पाहत ऑटो चालवत होता. गावाच्या वेशीवर त्याने एकदम विचारले, "वरुडच्या बी.ए.ले इतिहास चांगला शिकवतात म्हने?"

"बाबा," रागिणी म्हणाली, "गप ऑटो चालवा."

शुक्रवारी सकाळी पुसल्याला वेगळाच पेच पडला. दुसऱ्यांदा मोजणी का, हे महादेवरावांना सांगायचे कोणी? शेवटी रागिणीने सरळ सांगून टाकले. "मोठेबाबा, तुमी संगं असले का आईले खाली बसता येत नाई. तुमी घरी जा."

"माह्या बगीच्यातून मलेच हाकलून राह्यली का, पोट्टे?"

"हाव."

महादेवराव अडून बसले. बगीच्याची मोजणी मालकाशिवाय झाल्याचे त्यांनी कधी ऐकले नव्हते. बरीच रदबदली झाली. अखेर त्यांच्या बायकोने, माणिकबाईने, तोडगा काढला. विहिरीजवळ मोटारीची खोली होती. मालक बगीच्यातच राहतील, पण त्या खोलीत, दार लोटून. दारापाशी माणिकबाई शेंगा फोडत पहारा देतील.

"चाळीस वर्सांत पयल्यांदा कोंडाले भेटले," असे म्हणत तिने कडी लावली.

शकुनने पदर कमरेला खोचला. त्या दिवशी ती उभी कमी आणि बसलेली जास्त होती. भरल्या झाडांच्या पोटात, पानांआड, हिरवी फळे घोसाने लपलेली होती. खोलीतून दर अर्ध्या तासाने आवाज येई, "झालं का?" आणि माणिकबाई म्हणे, "तुमाले जेवन मिळन, आकडा नाई."

दोन वाजता बेरीज झाली. सरासरी तीनशे चाळीस, एकूण तीन लाख सहा हजार. योगेशशेठ चुन्याची बादली आणि दोन मजूर घेऊन आला होता. त्याने सबंध बगीचा फिरून मधल्या ओळीतले एक झाड निवडले.

"हे सांगा."

शकुन झाडाभोवती फिरली, बुडाशी बसली, उठली. "तीनशे बावन."

मजूर घोड्यांवर, म्हणजे लाकडी शिड्यांवर, चढले. मोजलेल्या फळाला चुन्याचा ठिपका, म्हणजे एक फळ दोनदा मोजले जात नाही. पाऊण तासाने झाड सगळे पांढऱ्या ठिपक्यांनी भरले. जणू त्याला देवी आल्या होत्या. मजुरांनी बेरीज सांगितली, "तीनशे एकोनपन्नास."

शेठने दुसरे झाड धरले. ती म्हणाली दोनशे नव्वद. भरले दोनशे पंचाण्णव. तिसऱ्या झाडाकडे तो गेला, बादलीत पाहिले आणि परत फिरला. "चुना सरला," तो म्हणाला. बादलीत चुना भरपूर होता, पण ते कोणी बोलून दाखवले नाही. माणिकबाईने कडी काढली. सौदा तीन लाख सहा हजारांवर ठरला आणि इसार महादेवरावांच्या हातात पडला.

महादेवरावांनी नोटा खिशात घातल्या. मग रागिणीकडे वळले, पण आवाज शकुनला ऐकू जाईल असाच होता. दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता. "पोरी, तुह्या मायले सांग, आजपासून माह्यासमोर बसत जाय म्हनाव. बहात्तर हजाराचा पदर मले परवडत नाई."

माणिकबाई हसून हसून शेंगांच्या टोपल्यावर कलंडली.

"अन तुही फी किती राह्यली? मी देतो," ते म्हणाले.

रागिणीने आईकडे पाहिले. शकुनने मान हलवली. आणि मग चोवीस वर्षांत पहिल्यांदा ती मधल्या माणसाशिवाय बोलली. "आज नको. मी आज पारखी हाय. पोरीले दिवाळीले ओवायनी घाला, तवा घेईन."

महादेवरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "चहा तरी घेशीन का?"

"चहा चालते."

चहा झाला, पण सहा हजार अडीचशे तसेच राहिले. शनिवारी सकाळी शकुन घरीच होती. रागिणी वरुडच्या कॉलेजचा अर्ज आणायचा की नाही, यावर बापाशी वाद घालत होती. इतक्यात दारात मोटारसायकल थांबली. योगेशशेठ स्वतः आला होता.

"तुमच्या भासऱ्याले फोन कोनी देला हो?" त्याने आल्या आल्या विचारले.

"कावून?"

"काल संध्याकाळपासून साऱ्या तालुक्याले सांगून राह्यले. बाईनं शेठचं नुकसान केलं पन झाडाचं खरं केलं. बाकीच्या दोन बगीच्यायचे मालक, लोनीवाले अन राजुऱ्यावाले, दोघायचे सकाळीच फोन आले. दीड महिन्यापासून ते माह्या आकड्याले हो म्हनत नव्हते. आता म्हनतात, तुमची बाई सांगन तो आकडा आमाले कबूल." तो ओट्यावर बसला. "एका बगीच्याच्या घासाघाशीत माहे चार-चार दिवस जातात. दोन पारखी, तीन भांडनं. हे सारं वाचलं तर बहात्तर हजार एका हंगामात वसूल होतात. रात्रभर हिशोब केला मी."

"मंग कालच्या मोजनीचे पैसे?" सहदेवने संधी साधली.

"ते नाई भेटनार. शिस्त म्हंजे शिस्त." शेठ उठला. "चला शकुनबाई. लोनीची साडेसहाशे झाडं हायेत."

शनिवारी साडेसहाशे, रविवारी राजुऱ्याची सहाशे चाळीस. शकुनच्या गुडघ्यांना त्या दोन दिवसांत कोरडे राहणे ठाऊक नव्हते. राजुऱ्याच्या मालकांनी तर आकडा ऐकून घेतला आणि चुन्याची बादली न मागता चहा मागवला. सोमवारी सकाळी मंडीत योगेशशेठने पंधरा हजार सातशे रुपये मोजून दिले. नत्थुजींनी काळा चष्मा वर सरकवून नोटांकडे पाहिले.

"आता दिसते का?" शकुनने विचारले.

"नोट दिसते. मानूस अजून धूसर हाय," ते म्हणाले.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने दोघी निघाल्या, अमरावतीला गाडी बदलली आणि साडेबाराला अकोल्यात उतरल्या. विद्यापीठाच्या कार्यालयात रांग होती. पुढे एक शेतकरी बाप पैसे मोजत होता, मागे एक आई मुलाच्या कागदांना टाचणी शोधत होती. खिडकीतल्या बाईंनी छत्तीस हजार पाचशे मोजून घेतले, शिक्का मारला आणि पावती दिली. रागिणीने ती दोनदा वाचली. शकुनने एकदाच वाचली, पण बोट ठेवून.

वसतिगृहातली खोली तिघींची होती. पायल नावाची एक मुलगी आधीच येऊन बसली होती आणि खिडकीजवळचा पलंग तिने धरला होता. शकुनने दाराची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला, गादीखाली हात घालून पाहिला.

"आई, जा आता. गाडी चुकन," रागिणी म्हणाली. मग हळू आवाजात, "पुढच्या सेमिस्टरले मेसचे परत भरा लागतीन. भत्ता नसन आला तर?"

"तवा मृगाच्या बहराचे, पुढच्या मालाचे सौदे राह्यतात. शेठनं आताच सांगून ठेवलं."

"पाचनंच?"

"सहानं," शकुन म्हणाली. "पाच तर नव्या मानसाचे होते."

ती बसस्थानकावर पोचली तेव्हा अमरावतीची गाडी लागलेली होती. खिडकीपाशी जागा मिळाली. सहदेवचा फोन आला.

"भरले?"

"भरले."

"पोट्टी रडली का?"

"नाई."

"अन तू?"

"गाडी सुटू दे, मंग पाहू," शकुन म्हणाली.